तिजोरीवरची भांडणं कशी वाचायची?

२०२४च्या नोव्हेंबरचा पहिला आठवडा. ५ तारखेला कोल्हापुरात महायुतीनं जाहीर केलं की पुन्हा सत्ता आली तर लाडकी बहीण योजनेत महिलांना दरमहा मिळणारे १,५०० रुपये २,१०० करू. दुसऱ्याच दिवशी मुंबईत बीकेसीच्या मैदानावरून महाविकास आघाडीनं ३,००० रुपयांची महालक्ष्मी योजना जाहीर केली, वर महिलांना एसटीचा प्रवास मोफत. गंमत अशी की याच आघाडीचे नेते जूनपासून सांगत होते, १,५०० रुपये देणंसुद्धा राज्याच्या तिजोरीला झेपणार नाही. आणि ज्या पक्षाच्या सर्वोच्च नेत्यानं जुलै २०२२मध्ये बुंदेलखंड एक्स्प्रेस वेच्या उद्घाटनात ‘रेवडी’ वाटण्याच्या राजकारणापासून देशाला सावध केलं होतं, तो भाजप इथे वाटणाऱ्यांच्या पुढच्या रांगेत होता.

सगळे सारखेच, असं म्हणून पान उलटावंसं वाटतं. पण सरकारी खर्चावरून पक्ष नेमके का भांडतात, कशावरून भांडतात आणि कशाबद्दल अवाक्षर काढत नाहीत, हे समजून घ्यायचं तर आपल्या राज्याचा जमाखर्च थोडा उघडून बघावा लागतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे भांडण होतं ते घोषणेवर. कपात मात्र घोषणा न करताच होते, आणि राज्याचं धोरण खऱ्या अर्थानं बदलतं ते त्या गुपचूप कपातीत.

पैसा मोकळा असतो किती?

१० मार्च २०२५ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी २०२५-२६चा अर्थसंकल्प मांडला. एकूण खर्च सुमारे ७ लाख कोटी रुपये. महसुली जमा, म्हणजे कर, शुल्क, केंद्राकडून येणारा वाटा आणि अनुदानं मिळून, ५ लाख ६० हजार ९६४ कोटी. महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी. या दोन आकड्यांतला जवळपास ४६ हजार कोटींचा फरक म्हणजे महसुली तूट. रस्ते, धरणं, इमारती यांच्यावरचा भांडवली खर्च आणि इतर देवाणघेवाण धरली की एकूण जी उसनवारी लागते ती राजकोषीय तूट: १ लाख ३६ हजार २३५ कोटी.

या दोन तुटी वेगळ्या का ठेवायच्या? घर बांधायला कर्ज काढणं वेगळं आणि महिन्याचा किराणा भरायला उसने घेणं वेगळं. राजकोषीय तुटीत दोन्ही असतं. महसुली तूट म्हणजे त्यातला फक्त किराणा. टीव्हीवर ‘तूट वाढली’ असं कुणी ओरडलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: कोणती?

आता खर्चाच्या बाजूला या. सरकारी नोकरांचे आणि अनुदानित शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांचे पगार, निवृत्तिवेतन आणि जुन्या कर्जावरचं व्याज, या तीनच गोष्टींत महसुली जमेतले निम्म्याहून अधिक पैसे जातात. नुसतं व्याजच वर्षाला ६४ हजार कोटींच्या घरात. सरकार कुणाचंही येवो, १ तारखेला पगार द्यावाच लागतो आणि व्याज चुकवता येत नाही. जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३मध्ये राज्यभरातले कर्मचारी आठवडाभर संपावर गेले, तेव्हा हा भाग किती ताठर आहे ते सगळ्यांनीच पाहिलं. उरलेल्या रकमेतही केंद्राच्या योजनांतला राज्याचा हिस्सा, महानगरपालिकांना जीएसटीपोटी द्यायची भरपाई अशा गोष्टी आधीच ठरलेल्या असतात.

म्हणजे ७ लाख कोटींचा अर्थसंकल्प म्हटला तरी एखाद्या सरकारला आपल्या राजकीय आवडीप्रमाणे इकडचे तिकडे करता येतील असे पैसे त्या मानानं फार थोडे. सगळी झटापट त्या थोड्या पैशांसाठी असते, म्हणून तिला इतका आवाज असतो.

कर्जाचा डोंगर, की मर्यादेतलं कर्ज?

दर अधिवेशनात हा वाद होतो आणि दर वेळी दोन्ही बाजू खरं बोलत असतात. २०२५-२६च्या अर्थसंकल्पानुसार वर्षअखेरीस राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींपर्यंत जाणार होतं. विरोधक हा आकडा घेतात, त्याला राज्याच्या लोकसंख्येनं भागतात आणि प्रत्येक नवजात बाळाच्या डोक्यावर किती हजारांचं कर्ज आहे ते सांगतात. सत्ताधारी तोच आकडा घेतात, त्याला राज्याच्या स्थूल उत्पन्नानं (सुमारे ४९ लाख ३९ हजार कोटी) भागतात आणि म्हणतात, कर्ज १८.८७ टक्केच आहे. राजकोषीय तूटही २.७६ टक्के, म्हणजे ३ टक्क्यांच्या मर्यादेच्या आत.

ही ३ टक्क्यांची मर्यादा म्हणजे नुसता सुविचार नाही. महाराष्ट्रानं २००५मध्ये वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा केला तो याचसाठी. शिवाय राज्यघटनेच्या कलम २९३नुसार, केंद्राचं कर्ज बाकी असलेल्या राज्याला नवं कर्ज काढायचं तर केंद्राची संमती लागते. केंद्रानं हात आखडला म्हणून केरळ सरकार २०२३मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. महाराष्ट्रावर ती वेळ आली नाही, कारण इतर मोठ्या राज्यांशी तुलना केली तर आपलं कर्जाचं प्रमाण खरोखर कमी आहे. पंजाब किंवा पश्चिम बंगालच्या मानानं तर फारच कमी.

मग विरोधक उगाच ओरडतात का? नाही. टक्केवारी मर्यादेत असली तरी काढलेलं कर्ज कशावर खर्च होतं, हा प्रश्न शिल्लक राहतोच. महसुली तूट ४६ हजार कोटींची असेल तर कर्जातला तेवढा पैसा असा आहे ज्यातून ना रस्ता उभा राहतो ना कालवा. २०२४-२५च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात हीच तूट सुमारे २० हजार कोटी दाखवली होती. एका वर्षात ती दुपटीच्या वर गेली, आणि ‘मर्यादेत आहे’ हे वाक्य बरोबर असूनही त्यातून ही गोष्ट कळत नाही.

विधानसभेत पैसे अडवता येतात का?

अमेरिकेत येतात. तिथे काँग्रेसनं खर्चाला मंजुरी दिली नाही तर सरकारी कचेऱ्यांना टाळं लागतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून १२ नोव्हेंबरपर्यंत तिथलं केंद्र सरकार ४३ दिवस अर्धवट बंद होतं. भांडण मुख्यतः आरोग्यविम्याच्या अनुदानावरून होतं. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी विमानतळावरच्या रांगा वाढताना तेव्हा अनुभवल्या असतील.

आपल्याकडे हे होऊ शकत नाही, कारण आपलं सरकारच मुळात सभागृहातल्या बहुमतावर उभं असतं. अनुदानाच्या मागणीत अगदी नाममात्र कपात सुचवणारी विरोधकांची कपात सूचना मंजूर झाली तर सरकारवरचा विश्वास उडाला असा अर्थ निघतो आणि मुख्यमंत्र्याला जावं लागतं. त्यामुळे सत्ताधारी आमदार, मनात काहीही असलं तरी, हात वर करतोच. विरोधकांनाही हे ठाऊक असतं. त्यामुळे त्यांचं भाषण पैसे अडवायला नसतं, नोंद करायला आणि मतदारसंघातल्या मोबाइलवर जायला असतं. अनेक खात्यांच्या मागण्या तर वेळ संपली म्हणून चर्चेविनाच एकदम मंजूर होतात.

खरी गंमत पुरवणी मागण्यांत असते. मूळ अर्थसंकल्पात नसलेला किंवा कमी पडलेला खर्च वर्षाच्या मध्ये मंजूर करून घ्यायची ही घटनेनं (कलम २०५) दिलेली सोय. पूर, दुष्काळ, न्यायालयाचा निकाल यांसारख्या अचानक आलेल्या गोष्टींसाठी ती असावी, अशी अपेक्षा. २०२४मध्ये काय झालं पाहा. २८ जूनला अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला आणि दोन आठवड्यांच्या आत, ९ जुलैला, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यातले सुमारे २५ हजार कोटी लाडक्या बहिणीसाठी. योजना अर्थसंकल्पाच्या भाषणात होती. तिचे पैसे मागून आले. पुढच्या वर्षी पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटी. इतक्या मोठ्या रकमा जिथे दर अधिवेशनात मागाहून येतात, तिथे मार्चमधल्या भाषणावर रात्रभर होणाऱ्या चर्चांना किती अर्थ उरतो, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

लाडक्या बहिणीचा हिशेब

योजना काही आकाशातून पडली नाही. मध्य प्रदेशात शिवराजसिंह चौहान यांनी २०२३मध्ये लाडली बहना सुरू केली आणि त्याच वर्षाअखेर भाजपनं तिथे मोठा विजय मिळवला. कर्नाटकात काँग्रेसनं गृहलक्ष्मीचे २,००० रुपये दिले. पश्चिम बंगालात २०२१पासून लक्ष्मीर भांडार होतं. आणि आपल्या शेजारी गोव्यात तर मनोहर पर्रीकरांनी २०१२मध्येच गृह आधार योजना सुरू केली होती. १,००० रुपयांपासून निघून ती पुढे १,५००वर गेली. गोव्याची लोकसंख्या पंधरा-सोळा लाख, त्यामुळे तिथे हे निभावलं. महाराष्ट्रात तोच आकडा कोटींनी गुणावा लागतो.

गुणाकार सोपा आहे. अडीच कोटी महिला, महिना १,५०० रुपये, वर्षाला ४५ हजार कोटी. जून २०२४च्या भाषणात ४६ हजार कोटी सांगितले गेले ते यावरूनच. २,१०० केले तर त्याच महिलांसाठी ६३ हजार कोटी. महाविकास आघाडीचे ३,००० दिले असते तर ९० हजार कोटी, म्हणजे राज्याच्या महसुली जमेच्या सोळा टक्के. हे आकडे दोन्ही बाजूंच्या नेत्यांना नक्कीच माहीत होते. लोकसभेत ४८पैकी १७च जागा हाती आलेल्या महायुतीला जूनमध्ये काहीतरी मोठं करायचं होतं, आणि योजना लोकप्रिय झालेली पाहून आघाडीला नोव्हेंबरमध्ये ती नाकारायची सोय उरली नव्हती. २३ नोव्हेंबरला निकाल लागला, २८८पैकी भाजपला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या. विजयाचं सगळं श्रेय योजनेला देणारे विश्लेषक मला नेहमी जरा घाईचे वाटतात, पण तिचा वाटा नाही असं कुणीच म्हणत नाही.

निवडणुकीनंतर काय झालं, ते जास्त नीट बघण्यासारखं आहे. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात योजनेची तरतूद ३६ हजार कोटी झाली. ४६वरून ३६. १,५००चे २,१०० तर झाले नाहीतच. रक्कम कमी करतोय असं कुणी म्हणालं नाही. पात्रतेचे निकष, जे पहिल्यापासून कागदावर होते, ते आता तपासले जाऊ लागले. घरात चारचाकी आहे का, एकाच कुटुंबातून किती अर्ज आलेत, दुसऱ्या योजनेतून पैसे मिळतात का. नमो शेतकरी आणि पीएम किसानमधून ज्यांना महिन्याला सरासरी हजार रुपये मिळतात त्यांच्या हाती ५००च आले. जुलै २०२५मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी २६ लाख ३४ हजार लाभार्थींचा लाभ तपासणीसाठी थांबवल्याचं सांगितलं. यादीत हजारो पुरुषही निघाले. मग सप्टेंबरमध्ये ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, आलं.

यावर दोन्ही बाजूंचं म्हणणं ठरलेलं. सरकार म्हणतं, अपात्रांना वगळणं म्हणजे कपात नव्हे, करदात्यांच्या पैशाची राखण आहे. विरोधक म्हणतात, मतं मिळेपर्यंत सगळ्या पात्र होत्या, नंतर चाळणी लागली. मला विचाराल तर दोन्ही म्हणणी एकत्र खरी आहेत. अर्ज तपासायला हवे होते, आणि ते निवडणुकीआधी तपासले नाहीत ही काही नजरचूक नव्हती.

आवाज न करता होणारी कपात

आता मुख्य मुद्द्याकडे. नवा मोठा खर्च आला, नवा मोठा कर आला नाही आणि कर्जाला मर्यादा आहे. मग पैसा कुठून तरी निघायलाच हवा. तो निघतो तो अशा जागांतून जिथे घोषणा करावी लागत नाही.

मे २०२५मध्ये सामाजिक न्याय खात्याच्या तरतुदीतले ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्यातले ३३५ कोटी रुपये लाडक्या बहिणीकडे गेले. यावर सर्वांत मोठ्यानं बोलले ते विरोधक नव्हते, सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट होते, सत्तेतल्या शिवसेनेचे. खात्याची गरज नसेल तर ते बंदच करा, इतपत त्यांची नाराजी गेली. सरकारचं उत्तर तांत्रिक होतं: योजनेतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या महिलांचा खर्च त्या त्या घटकाच्या राखीव तरतुदीतून दाखवायचा असतो, त्यामुळे हे वळवणं नाहीच. हिशेबाच्या नियमांत ते बसतंही. पण वसतिगृहातल्या विद्यार्थ्याच्या बाजूनं पाहिलं तर जो पैसा आधी फक्त त्याच्यासाठी होता त्यात आता आणखी एक वाटेकरी आला.

आनंदाचा शिधा आठवतो? २०२२च्या दिवाळीत सुरू झालेली योजना: शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल. २०२५च्या सणांत तो मिळाला नाही. योजना बंद केल्याची पत्रकार परिषद झाली नाही. लाडक्या बहिणीमुळे तिजोरीवर ताण असल्याचं खुद्द अन्न व नागरी पुरवठा मंत्री छगन भुजबळ बोलून गेले. एक रुपयात पीकविमा २०२५च्या खरिपात संपला. तिथे बोगस अर्जांचं कारण होतं आणि ते खोटं नव्हतं, पण पैसा वाचला हेही खोटं नव्हे. कंत्राटदारांच्या संघटना थकलेल्या बिलांसाठी वर्षभर आंदोलनं करत राहिल्या. बिल थकवणं हा तर कपातीचा सगळ्यात जुना आणि शांत मार्ग. काम झालेलं असतं, पैसे पुढच्या वर्षावर ढकलले जातात, तूट कागदावर तेवढी कमी दिसते. गावातल्या माणसाला एवढंच कळतं की पाण्याच्या टाकीचं काम अर्ध्यावर थांबलंय.

जमेच्या बाजूलाही तसंच. ऑक्टोबर २०२४मध्ये प्रतिज्ञापत्रासाठीचा १०० रुपयांचा मुद्रांक ५०० रुपयांचा झाला. जून २०२५मध्ये देशात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटीवर गेलं. त्यातून वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील असा सरकारचा अंदाज होता. सीएनजी गाड्यांवरचा कर एक टक्क्यानं वाढला. यातलं काहीही लाडक्या बहिणीसाठी आहे असं कुणी म्हणालं नाही.

खुर्ची बदलली की बाजू बदलते

कर्जमाफी हे याचं सगळ्यात जुनं उदाहरण. २०१७च्या सुरुवातीला काँग्रेस-राष्ट्रवादीनं कर्जमाफीसाठी संघर्ष यात्रा काढली आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस सांगत होते की माफीनं शेतकरी कर्जातून सुटत नाही, शेतीत गुंतवणूक हवी. (शिवसेना तेव्हा सरकारमध्ये राहून आंदोलन करत होती, तो वेगळाच प्रकार.) जूनमध्ये त्याच सरकारनं ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली, दीड लाखापर्यंतची. २०१९च्या डिसेंबरात उद्धव ठाकरे सरकारनं दोन लाखांपर्यंतची माफी आणली, तर आता विरोधात बसलेल्या भाजपनं विचारलं, सातबारा कोरा का नाही केला? २०२४मध्ये महायुतीनं कर्जमाफीचं आश्वासन दिलं. मार्च २०२५मध्ये अजित पवार यांनी शेतकऱ्यांना ३१ मार्चच्या आत हप्ते भरायला सांगितलं. ऑक्टोबरात नागपुरात बच्चू कडूंनी रस्ता अडवल्यावर ३० जून २०२६पर्यंत निर्णय घेऊ, असं सरकारनं कबूल केलं.

आमदारांच्या निधीवरून झालेलं भांडण तर आणखी मनोरंजक. २०२२मध्ये शिवसेनेचे आमदार फुटले तेव्हा त्यांची मोठी तक्रार होती की अर्थमंत्री अजित पवार राष्ट्रवादीच्या आमदारांना भरभरून निधी देतात आणि आमच्या तोंडाला पानं पुसतात. जुलै २०२३मध्ये अजित पवार त्यांच्याच सरकारात आले आणि खातं मिळालं अर्थ.

प्रादेशिक अनुशेषाचं, म्हणजे मागे राहिलेल्या भागांच्या विकासात साचलेल्या तुटीचंही असंच. दांडेकर समितीनं १९८४मध्ये विदर्भ-मराठवाड्यासह राज्यातला अनुशेष ३,१८६ कोटींचा काढला, तेव्हापासून हा प्रश्न पक्षांच्या रेषा ओलांडून जातो. या भागांच्या विकासावर लक्ष ठेवणाऱ्या वैधानिक विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२०मध्ये संपली. मार्च २०२१मध्ये भाजपनं विधानसभेत त्यावरून आवाज उठवला, तेव्हा अजित पवारांनी उत्तर दिलं की राज्यपालांनी विधान परिषदेवरच्या १२ नावांना मंजुरी द्यावी, मंडळं लगेच जाहीर करू. विदर्भातल्या सिंचनाचा प्रश्न बारा आमदारांच्या नेमणुकीत अडकला!

कधी कधी ही अदलाबदल नुसती भाषणापुरती राहत नाही. मेट्रो-३ची कारशेड आरेत नको म्हणून ठाकरे सरकारनं २०१९मध्ये काम थांबवलं, २०२०मध्ये ती कांजूरमार्गला नेली, उच्च न्यायालयात ते अडकलं आणि २०२२मध्ये शिंदे सरकारनं ती परत आरेत आणली. मूळ २३ हजार कोटींचा प्रकल्प ३७ हजार कोटींच्या पुढे गेला. सगळी वाढ कारशेडमुळे झाली नाही, भुयारी कामाची स्वतःची दुखणी होतीच. पण तीन वर्षं त्याच जागेवर परत येण्यात गेली, तीही फुकटात नव्हे.

मग खरा मतभेद कुठे आहे?

आहे, आणि तो पक्षांच्या सीमेवर सापडत नाही. बाईच्या खात्यात थेट रोख द्यावी, की तेच पैसे अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि एसटीवर लावावेत? रोखीच्या बाजूचं म्हणणं दुबळं नाही. मधला कुणी पैसे खात नाही, आणि नवऱ्याला न विचारता खर्च करता येईल असा पैसा अनेक बायकांच्या हाती पहिल्यांदाच आला. सेवेच्या बाजूचं म्हणणंही तेवढंच भक्कम: १,५०० रुपयांत तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर येत नाही, आणि खासगीत एका आजारपणात वर्षाचे १८ हजार संपतात. यावर आपल्या सभागृहात तास-दोन तास निवांत चर्चा व्हायला हवी होती. दोन्ही आघाड्या रोखीच्या बाजूला उभ्या राहिल्यामुळे ती कुणी केलीच नाही.

दुसरा मतभेद रस्त्यांचा. वर्ध्याजवळचं पवनार ते गोव्याच्या सीमेवरचं पत्रादेवी, २०२५च्या आखणीत ८०२ किलोमीटर आणि ८६ हजार कोटींहून अधिक खर्चाचा शक्तिपीठ महामार्ग. जून २०२५मध्ये मंत्रिमंडळानं भूसंपादन आणि नियोजनासाठी २०,७८७ कोटी मंजूर केले. कोल्हापूर-सांगलीच्या बागायती पट्ट्यातून विरोध झाला तो शेतकरी संघटना आणि विरोधकांचाच नव्हता. सत्ताधाऱ्यांतल्या काहींनाही तिथे महामार्गाच्या बाजूनं बोलणं जड गेलं. हा भांडवली खर्च आहे, त्यातून मालमत्ता उभी राहते, त्यामुळे अर्थशास्त्राच्या पुस्तकात तो ‘चांगल्या’ बाजूला पडतो. पण एक समृद्धी महामार्ग नुकताच झालेला असताना दुसरा आत्ताच हवा का, हा प्रश्न त्या पुस्तकात नसतो.

एकदा जमलं होतं

सगळे पक्ष एका खर्चावर एकत्र आले आणि त्यासाठी करही लावला, असं या राज्यात घडलेलं आहे. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर उभी राहिली. पैशासाठी १९७५मध्ये व्यवसाय कर आला: शहरातल्या नोकरदारानं भरायचा, खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी वापरायचा, आणि तेवढीच रक्कम सरकारनं आपल्याकडून घालायची. कायदा १९७७मध्ये विधिमंडळानं एकमतानं केला आणि २६ जानेवारी १९७९ला लागू झाला. या दोन तारखांच्या मध्ये वसंतदादांचं सरकार पडून शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार आलं होतं, तरी योजनेला कुणी हात लावला नाही. पुढे रोहयोत खोटी हजेरीपटं झाली, पैसे खाल्ले गेले, ते सगळं खरं. पण खर्च कुणासाठी आणि पैसा कुणाचा, हे दोन्ही कायद्यात लिहिलेलं होतं.

तो कर आजही पगाराच्या पावतीवर आहे. महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. घटनेच्या कलम २७६नं घातलेली ही कमाल मर्यादा १९८८च्या दुरुस्तीपासून बदललेली नाही. तेव्हा २,५०० ही मोठी रक्कम होती. लाडक्या बहिणीसाठी असा नाव घेऊन लावलेला एकही कर नाही. त्यामुळे मुद्रांक पाचपट झाला तेव्हा तो कशासाठी झाला हे सरकारला सांगावं लागलं नाही, आणि ३,००० रुपये कुठून आणणार हे विरोधकांनाही कुणी विचारलं नाही.